बाहेरच्या कपांचं पान

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी कुत्र्याला भ्यायचो, शाळेत मास्तरांना भ्यायचो, नोकरीला लागलो तेव्हा शिपायालासुद्धा अहो-जाहो करायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तो एका रजिस्टरच्या रूपानं लागला, आणि ते रजिस्टर मीच केलं होतं. तेही हौसेनं.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या आरोग्य विभागात मी कारकून होतो. नेमणूक तात्पुरती, दर सहा महिन्यांनी ऑर्डर नवी व्हायची. राहायला काकांकडं. वडील लवकर गेले तेव्हा काकांनीच मला पोखर्णीहून आणलं, शिकवलं, आपल्या पोरांच्या पंक्तीला बसवून जेवू घातलं. काकांचं स्टँडसमोर हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, भट्टी, चहा आणि आलूबोंडे. आम्ही लिंगायत. काका सकाळी लिंगपूजा करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसायचे ते दिवस मावळेपर्यंत. कुणाशी ते आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही.

आमच्या विभागाकडं हॉटेलांच्या तपासणीचं काम होतं. स्वच्छता निरीक्षक चुडाव्याकडचे, वयानं वडीलधारे, सायकलवर फिरायचे. हॉटेलात शिरले की पाण्याच्या पिंपात डोकवायचे, कढईतलं तेल हुंगायचे, कप उचलून उजेडात धरायचे आणि छापील फॉर्मवर शेरा मारायचे. ‘पाणी उघडे. माशा. समज दिली.’ फॉर्म दफ्तरात यायचा, लाल फडक्यात बांधला जायचा आणि कपाटावर चढायचा. एकदा चढला की त्याला खाली उतरवायला मुहूर्त लागायचा.

एका उन्हाळ्यात गावात कावीळ पसरली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून विचारणा आली, खराब पाण्याबद्दल कोणत्या हॉटेलांना आधी समज दिली होती? आम्ही चार दिवस गठ्ठे सोडत बसलो. पाचव्या दिवशी फॉर्म सापडले. एकाच विहिरीचं पाणी भरणाऱ्या दोन हॉटेलांबद्दल निरीक्षकांनी आदल्या वर्षीच लिहून ठेवलं होतं. तोवर आमच्या गल्लीतल्या शिंप्याची पोरगी गेली होती. मुख्याधिकारी नवे होते, पुण्याकडचे, तरुण. त्यांनी ते फॉर्म हातात धरले आणि आम्हा सगळ्यांना उभं करून विचारलं, “कागद सापडत नसेल तर तो लिहिला काय आणि न लिहिला काय?”

मग मला बोलावून म्हणाले, “असं रजिस्टर करा, की आलेल्या माणसाला दोन मिनिटांत हवं ते सापडेल. आणि ते कपाटात नको, बाहेर व्हरांड्यात ठेवा. गावाचा कागद आहे, गावानं बघावा. नीट केलंत तर कायम करायची शिफारस करतो.”

मी दोन महिने खपलो. पहिल्या भागात गल्लीवार हॉटेलं. एवढ्यानं भागलं असतं, पण मला सुचलेली अक्कल म्हणजे दुसरा भाग. त्यात दोषवार पानं होती. उघडं पाणी, माशा, शिळं तेल, गटारीशेजारी भट्टी. प्रत्येक पानावर त्या त्या हॉटेलांची नावं आणि तपासणीची तारीख. एका पानाला मी ‘बाहेरचे कप’ असं नाव दिलं. ‘बाहेरील कोनाड्यातील कप अस्वच्छ’ हा शेरा निरीक्षकांच्या फॉर्मवर इतक्यांदा आला होता की त्याला वेगळं पान देणं भागच होतं. त्या पानावर काकांच्याही हॉटेलाचं नाव होतं. ते लिहिताना माझा हात थबकला नाही. उलट घरचं नाव टाळलं नाही याचाच मला अभिमान वाटला.

रजिस्टर व्हरांड्यातल्या टेबलावर, सुतळीनं पायाला बांधून ठेवलं. लोक येऊ लागले. हॉटेलवाले स्वतःचं पान सोडून शेजाऱ्याचं आधी बघायचे. एक जण मुलगी द्यायच्या आधी नवऱ्यामुलाच्या हॉटेलाचं पान बघून गेला. ‘माशा’ एवढंच निघालं तेव्हा म्हणाला, “माशा कुठं नसतात?” आणि सोयरीक जमली. गावात माझं नाव झालं. काका मला चिडवायचे, “आमच्या भज्यात पडलेली माशी मांडलीस का न्हाई रे वहीत?” मीही हसायचो.

दिवाळीच्या जरा आधी, एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी एक गुरुजी आले. बोरीच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेवर होते. पांढरा सदरा, पायजमा, वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. इतर लोक पहिल्या पानापासून चाळायचे. यांनी सरळ दुसरा भाग उघडला, बोट ठेवून मथळे वाचत गेले आणि एका पानावर थांबले. बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या टेबलाशी आले.

“साहेब, हे बाहेरच्या कपांचं पान कुणी केलं?”

“मी,” मी म्हणालो. कौतुक होणार असं मला वाटलं होतं.

“लय चांगलं केलं. कप बाहेर कशापायी ठेवतात, तेवढं मात्र लिहिलं न्हाई.”

मला ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नव्हतं? हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा असायचा. त्यात कान तुटलेले दोन-चार कप. दलित वस्तीतला माणूस आला की त्यानं त्यातला कप घ्यायचा, स्वतः विसळायचा, खाली धरायचा. वरून चहा ओतला जायचा. त्यानं बाहेरच बसून प्यायचा आणि धुऊन परत कोनाड्यात ठेवायचा. लहानपणी मी एकदा त्यातला कप खेळायला घेतला, तर काकूनं मला अंगणात उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं होतं. कायद्यानं हे सगळं केव्हाच बंद झालेलं होतं. पण निरीक्षकांना तिथं घाण दिसली, मला एक मथळा दिसला. आणि अर्ध्या गावातल्या हॉटेलांची त्या गुन्ह्याखालची यादी मी सुवाच्य अक्षरात करून, सुतळीनं बांधून, चव्हाट्यावर ठेवली होती.

गुरुजी शांतपणे सांगत होते. मागच्या बाजारी त्यांचे वडील स्टँडसमोरच्या हॉटेलात आत जाऊन बाकड्यावर बसले. पाय दुखत होते म्हणून बसले. मालक म्हणाला, बाहेर बसा. म्हातारा म्हणाला, चहा पिऊन उठतो. तेवढ्यात आतल्या गिऱ्हाइकांपैकी चौघं उठले आणि त्यांनी म्हाताऱ्याला ओढत रस्त्यावर आणून टाकलं. हाताचं हाड मोडलं.

“ठाण्यात गेलो. मालकानं सांगितलं, आमच्या हॉटेलात सगळे एकाच कपात पितात, वेगळे कप कधी नव्हतेच. फौजदार म्हणले, पुरावा आणा.” त्यांनी रजिस्टरकडं मान वळवली. “ह्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल पाहिजे.”

स्टँडसमोरचं हॉटेल काकांचं होतं. दुकानात थोडी गडबड झाली, एवढंच मी जेवताना ऐकलं होतं.

नक्कल मागायचा अर्ज नियमात बसत होता. मी तो घेतला, पुढच्या सोमवारी या म्हणालो. ते गेले आणि मला दरदरून घाम सुटला.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्या अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. त्याला दोनेक वर्षं झाली असतील. आग विझली होती, पण ऊब गेली नव्हती. भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा तशाच होत्या. एसटीत दोन माणसं हळू बोलायला लागली की तिसरा खिडकीबाहेर बघायचा. अशा दिवसांत नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी अशी यादी ठाण्यात गेली, तर हॉटेलवाले आधी मला शोधणार होते. काकांना कोर्टात उभं राहावं लागणार होतं. घरात मला थारा राहणार नव्हता, आणि नोकरी तर सहा महिन्यांचीच होती. माझ्या भीतीला अशी चारी बाजूंनी दारं होती.

मंगळवारी मी हॉटेलात गेलो. कोनाड्याला ताजा चुना मारलेला होता आणि आत गणपतीची तसबीर ठेवली होती. काका गल्ल्यावर होते. मी चहा प्यालो. आणि ऑफिसला निघून गेलो.

बुधवारी निरीक्षकांना गाठलं. ते एकदम उखडले. “मी घाण बघतो, जात बघत न्हाई. शेरा मारणं माझं काम. पान तू केलंस, निस्तर तूच.” सायकलला टांग मारताना त्यांचा पाय दोनदा चुकला. तेही घाबरले होते हे बघून मला धीर यायला हवा होता, पण भीती वाढलीच. त्यांच्याबरोबर मी एक-दोनदा तपासणीला गेलो होतो. आतले कप ते उचलून बघायचे. कोनाड्यातल्या कपांकडं चार हातांवरून नजर टाकायचे आणि ‘अस्वच्छ’ लिहायचे. हे मला तेव्हा आठवलं, पण त्याचं काय करायचं ते सुचलं नाही.

गुरुवारी व्हरांड्यात दोघं जण रजिस्टर चाळताना दिसले. त्यातला एक स्टँडवरचा, दांडगा म्हणून गावभर माहीत असलेला. कुठल्या पानावर होते ते मला खिडकीतून दिसत नव्हतं. जाताना तो दारात थांबला आणि हसून म्हणाला, “अक्षर झकास हाय हं तुमचं.” तेवढंच. मी त्या दिवशी घरी जाताना बाजारातला रस्ता सोडून नदीच्या बाजूनं गेलो. मुख्याधिकारी महिनाभराच्या ट्रेनिंगला गेले होते, त्यामुळं सांगायलाही कुणी नव्हतं. असते तरी मी सांगितलं असतं का, कुणास ठाऊक.

शुक्रवारी जेवताना काकांनी विषय काढला. काकूनं मला न विचारता दुसरी भाकरी वाढली तेव्हाच मी ओळखलं.

“तुझ्या वहीत आपलं नाव हाय म्हणं.”

“सगळ्यांचंच आहे, काका.”

“सगळ्यांचं असू दे. त्या पानावर हाय का?”

मी मान हलवली. काका बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिले.

“त्या पोरांना आडवलं असतं तर त्यांनी माझंच दुकान फोडलं असतं,” ते म्हणाले. “म्हातारा जरा उठला असता तर काय बिघडलं असतं? मला कोर्टाचं लय भ्या वाटायलंय रे.”

काकांनी मला पान फाड असं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, आयुष्यभर त्यांच्या नावानं खडे फोडता आले असते. त्यांनी आंबिलाची वाटी संपवली, हात धुतला आणि विभूतीची पुडी घेऊन देवघरात गेले. ज्यांनी मला वाढवलं त्यांना मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहत होतो. आमच्या घरात रोज म्हटलं जायचं की सगळ्या माणसांच्या ठायी एकच शिव आहे, तेही त्या दिवशी देवघरातून ऐकू आलं.

पान फाडणं सोपं नव्हतं. सरकारी रजिस्टरच्या पहिल्या पानावर एकूण पानांची संख्या आणि साहेबाची सही असते. एक पान कमी निघालं तर कारकून गेलाच. पण पान न फाडता ते नाहीसं करायचा उपाय आमच्या धंद्यात फार जुना आहे. शनिवारी सकाळी मी आमच्या हेडक्लार्कपुढं, बडे बाबूंपुढं, टिपण ठेवलं, ‘सततच्या हाताळणीने रजिस्टर जीर्ण झाले, सबब नवे तयार करण्यास मान्यता असावी.’ चार महिन्यांचं रजिस्टर जीर्ण. बडे बाबूंनी टिपणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर, ऑफिसला आतून कडी लावून मी सगळं रजिस्टर पुन्हा लिहून काढलं. एकही हॉटेल गाळलं नाही. काकांचंही नाव तसंच ठेवलं. फक्त ‘बाहेरचे कप’ हे पान केलं नाही. त्याऐवजी ‘अस्वच्छ कप’ असं पान केलं, आणि त्यात आतले, बाहेरचे, फुटके, तेलकट, सगळ्यांची सरमिसळ केली. तीन पानं भरली. ‘बाहेरील कोनाड्यातील’ हे शब्द तेवढे सारांशात आले नाहीत. सारांशात सगळं येत नसतंच. एक अक्षर खोटं लिहिलं नाही, असं मी स्वतःला लिहिता लिहिता शंभरदा सांगितलं. जुनं रजिस्टर आणि मूळ फॉर्म लाल फडक्यात बांधून कपाटावर चढवले. गाठ मारताना मला कावीळ झालेल्या त्या पोरीची आठवण आली नाही, असं म्हणता येणार नाही. आली, आणि मी गाठ मारली. नव्या रजिस्टरचं अक्षर जुन्याहून देखणं झालं. मुख्याधिकारी परत आल्यावर खूश झाले, आणि पुढच्या वर्षी मी कायम झालो.

सोमवारी गुरुजी आले. बरोबर वडील होते. धोतर, डोक्याला मुंडासं, उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधून गळ्यात अडकवलेला. पायऱ्या चढून आल्यावर म्हातारा आत आला नाही, दाराच्या चौकटीबाहेरच उभा राहिला. मी या म्हणालो नाही.

मी नक्कल पुढं केली. सही, शिक्का, तारीख, सगळं चोख. गुरुजींनी वाचली. पुन्हा वाचली. मग व्हरांड्यात जाऊन रजिस्टर उघडलं, मथळ्यांवरून बोट फिरवलं आणि परत आले.

“वही नवी दिसायलीय.”

“जुनी खराब झाली होती.”

“आठ दिवसांत?”

मी शिक्क्याची डबी बंद करून खणात ठेवली.

“जुनी बघायला मिळंल का?”

“त्याला वेगळा अर्ज करावा लागतो. साहेब ट्रेनिंगला आहेत.” माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

“ते हॉटेलवाले तुमचे काका हायत म्हणं.”

“हो.”

गुरुजींनी मान हलवली. मी वाट बघत होतो की ते आता ओरडतील, टेबलावर हात आपटतील, चार माणसं गोळा करतील. तसं काही झालं असतं तर मला त्यांचा राग तरी करता आला असता. ते फक्त उभे होते.

दारातून म्हाताऱ्यानं विचारलं, “काय लिव्हलंय रं त्यात?”

“कप अस्वच्छ, म्हणून लिहिलंय, आबा. घाण होते म्हणून हॉटेलवाल्याला समज दिली.”

“कोणचे कप?”

“ते न्हाई लिहिलं.”

म्हातारा माझ्याकडं बघून, जराही न चिडता, एखादी चूक दुरुस्त करून द्यावी तसं म्हणाला, “घाण कशानं असतील, साहेब? आमचे तर मी सोता राखंनं घासून ठिवायचो. प्यायच्या आधी एकदा आन् पिऊन झाल्यावर एकदा.”

गुरुजींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि वडिलांच्या धडधाकट हाताला धरून त्यांना पायऱ्या उतरवू लागले. मी मान खाली घालून पायऱ्या मोजत होतो. म्हातारा मागं वळून आपल्याकडं बघेल, अशी मला भीती वाटत होती. तो वळला नाही.